कथा छापायला पाठवण्याआधी अभिप्राय कसा घ्यावा?

कथा लिहून झाली की संपादकाकडे धाडायची घाई होतेच. निदान दोन आठवडे तिला हात लावू नका. मग एकदा मोठ्याने वाचा. जीभ अडखळेल किंवा तुम्हालाच पुढचा परिच्छेद गाळावासा वाटेल तिथे खूण करा. शुद्धलेखन, मध्येच बदललेलं पात्राचं नाव असल्या चुका आधीच निस्तरा. नाहीतर वाचक त्याच मोजत बसतो आणि कथा बाजूला राहते.

आता वाचक शोधा. तीन-चार पुरेत. घरच्यांना द्यायला हरकत नाही, पण ते एक तर कौतुक करतात, नाहीतर कथेत स्वतःला शोधतात. एखादा लिहिणारा आणि एखादा नुसता भरपूर वाचणारा, अशी जोडी जास्त उपयोगी. मात्र सगळ्यांना एकदम कथा देऊ नका. कुणीही कोणतीही कथा पहिल्यांदा एकदाच वाचतो, शेवट कळला की त्याचा कोरेपणा गेला. दुसऱ्या खर्ड्यासाठी एक तरी वाचक राखून ठेवा.

कथा देताना पानांवर क्रमांक घाला, कधीपर्यंत वाचून हवी ते सांगा आणि सोबत प्रश्न द्या. ‘कशी वाटली?’ या प्रश्नाला ‘छान आहे’ याखेरीज उत्तर मिळत नाही. त्यापेक्षा हे विचारा:

– कुठे कंटाळा आला? कुठे मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं?
– काय घडलं ते तुमच्या शब्दांत सांगा.
– शेवट कधी ओळखलात?

‘काय घडलं’ हा प्रश्न सगळ्यांत कामाचा. तुम्ही लिहिलेली कथा आणि त्याने वाचलेली कथा यांत किती अंतर आहे, ते तिथे उघडं पडतं.

अभिप्राय ऐकताना गप्प बसा. हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे! १९५६ साली अमेरिकेत मिलफर्ड इथे विज्ञानकथालेखकांची कार्यशाळा सुरू झाली. तिच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत सगळे आळीपाळीने बोलतात आणि लेखकाला बोलायची मुभा शेवटी मिळते. ‘मला तिथे असं म्हणायचं होतं’ हे संपादकाला सांगायला तुम्ही त्याच्या टेबलाशी उभे नसणार, म्हणून इथेही सांगू नका. लिहून घ्या.

खरं काम यानंतरचं. वाचकाला खटकलेली जागा बहुधा बरोबर असते, त्याने सुचवलेला उपाय बहुधा नसतो. समजा, चौथ्या पानावर मुलगी वडिलांवर ओरडते. एक वाचक म्हणतो, प्रसंग भडक आहे. दुसरा म्हणतो, मुलगीच आगाऊ वाटते. तिसरा म्हणतो, हे पान काढून टाक. तिघांचं ऐकून पान उडवलंत तर कथा लंगडी होईल. दुखणं कदाचित दुसऱ्या पानावर आहे. वडिलांनी तिचं पत्र लपवलं, हे तिथे इतकं ओझरतं आलंय की कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. तिथे एक ठसठशीत वाक्य घाला, चौथं पान आपोआप सावरेल.

दोघातिघांनी एकाच जागी बोट ठेवलं तर ती जागा तपासाच. एकट्याचं मत पटलं तर घ्या, नाहीतर आभार मानून सोडून द्या. ‘मला दुःखी शेवट आवडत नाहीत’ ही आवड झाली, अभिप्राय नव्हे. दुरुस्त कथा राखून ठेवलेल्या वाचकाला द्या. त्याच्याकडून फक्त शब्दांच्या फेरफाराच्या सूचना आल्या तर थांबा. फार हात फिरवले की कथेतला तुमचा आवाज जातो.

एक सावधगिरी: अभिप्रायासाठी कथा इंटरनेटवर सगळ्यांना दिसेल अशी टाकू नका. अनेक नियतकालिकं ती आधीच प्रसिद्ध झाली असं धरतात आणि नाकारतात. ओळखीच्यांना खासगीत पाठवायला सहसा अडचण नसते.

पाठवण्यापूर्वी नियतकालिकाचे नियम वाचा: शब्दमर्यादा, फाइलचा प्रकार, एकच कथा एकाच वेळी दुसरीकडे दिलेली चालते का. लेखकाचं नाव झाकून निवड होत असेल तर पहिल्या पानावरून ते काढा. फाइलच्या समासात वाचकांनी टाकलेले शेरे राहिले नाहीत ना, तेही बघा.