एन्झाइम निवडण्याआधी जनुक वाचा

भाट्ये खाडीच्या कांदळवनातल्या चिखलात सापडलेल्या एका जिवाणूचं जनुक मला पीयूसी 19 या प्लास्मिडमध्ये, म्हणजे डीएनएच्या छोट्या गोल कड्यात, बसवायचं होतं. जनुक डीएनएच्या साधारण बाराशे अक्षरांचं. हाताशी डीएनए ठरावीक जागी कापणारी इको आर वन आणि हिंद थ्री ही एन्झाइम होती, तीच वापरली. तीन आठवडे जिवाणूंच्या वसाहती छान उगवल्या, पण आत बसलेला तुकडा दर वेळी आखूडच. जनुकाच्या मधोमध ए-ए-जी-सी-टी-टी होतं, म्हणजे हिंद थ्री जिथे कापतं तीच जागा. मी ते आधी पाहिलंच नव्हतं.

तेव्हा सुरुवात इथून करा. जनुकाचा पूर्ण क्रम संगणकात घाला आणि कोणती एन्झाइम त्याला कापतात ते बघा. सहा अक्षरांची जागा योगायोगानंसुद्धा सरासरी 4,096 अक्षरांत एकदा येते, त्यामुळे बाराशे अक्षरांत ती निघाली तर नवल नाही. तुमच्या जनुकाला अजिबात न कापणारी आणि व्हेक्टरला, म्हणजे जनुक ज्यात बसवायचं त्या प्लास्मिडला, एकाच ठिकाणी कापणारी अशी दोन एन्झाइम शोधा. मी शेवटी बॅम एच वन आणि साल वन घेतली.

दोघांनी कापल्यावर उरणारी टोकं वेगळी हवीत. बॅम एच वन आणि बीजीएल टू दोन्ही जी-ए-टी-सी हेच टोक सोडतात. ती जोडी घेतली तर जनुक उलटंही बसतं. दिशाही नकाशावर तपासा: पीयूसी 19 मध्ये लॅक प्रमोटर (जिथून जनुकाचं वाचन सुरू होतं ती जागा) हिंद थ्रीच्या बाजूला आहे, पीयूसी 18 मध्ये नेमका उलट.

प्रायमरमध्ये, म्हणजे जनुकाच्या प्रती काढायला लागणाऱ्या डीएनएच्या आखूड तुकड्यात, कापायच्या जागेच्या आधी सहा जास्तीची अक्षरं ठेवा, टोकाशी एन्झाइमला नीट बसता येत नाही. 20 मायक्रोलिटरच्या मिश्रणात दोन्ही एन्झाइम मिळून 2 मायक्रोलिटरच्या वर नकोत. त्यांच्या कुपीत निम्मं ग्लिसरॉल असतं, आणि ते फार झालं की इको आर वन भलत्या जागीही कापू लागतं.

पावसाळ्यात आमच्याकडे वीज तासन्‌तास जाते. तेव्हा मी मिरकरवाडा बंदरावरून बर्फ आणते, तीन भाग बर्फात एक भाग जाडं मीठ कालवून एन्झाइमच्या कुप्या गार राहाव्यात म्हणून त्यात ठेवते.

डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर प्लास्मिडचे चार नमुने चालवा: न कापलेला, एकेका एन्झाइमनं कापलेले दोन आणि दोन्हींनी कापलेला. एकेकट्या एन्झाइमनं कापलेल्या दोन्ही नमुन्यांत 2,686 अक्षरांच्या, म्हणजे अख्ख्या पीयूसी 19 च्या लांबीच्या, जागी एकच स्वच्छ पट्टी दिसेपर्यंत लायगेशन, म्हणजे तुकडे जोडायची पायरी, लावू नका.