'मॅनिक मायनर'च्या वीस गुहा कशा पार कराव्यात

'मॅनिक मायनर' हा गेम किशोरवयीन मॅथ्यू स्मिथ याने लिहिला आणि 1983 साली बग-बाइट या ब्रिटिश कंपनीने तो 48के झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकासाठी बाजारात आणला. त्याचा नायक विली नावाचा खाणकामगार आहे. त्यात एकापाठोपाठ एक वीस गुहा आहेत आणि हाताशी तीन जीव असतात. प्रत्येक गुहेतील सर्व किल्ल्या गोळा करून, हवा संपण्याआधी, लुकलुकणाऱ्या दारापर्यंत पोहोचायचे असते. हा गेम अतिशय अवघड आहे, परंतु त्यात नशिबाला जागा नाही. पहारेकऱ्यांच्या फेऱ्या ठरलेल्या आहेत आणि जीव गेला की गुहा जशीच्या तशी पुन्हा सुरू होते. म्हणून चपळ बोटांपेक्षा येथे पाठांतर अधिक कामी येते.

सर्वप्रथम उडी समजून घ्यावी. विली एकदा जमिनीवरून उठला की हवेत त्याची दिशा बदलता येत नाही. उडीची उंची 20 पिक्सेल, म्हणजे पडद्यावरच्या 8 पिक्सेलच्या अडीच चौकटी असते, आणि सपाट जागेवर ती सुमारे साडेचार चौकटी पुढे नेते. त्यामुळे सारा निर्णय उडी घेण्यापूर्वीच झालेला असतो, आणि तो घेताना पाय नेमके कोठे आहेत यावर सगळे अवलंबून असते. विली एका पावलात 2 पिक्सेल सरकतो, म्हणजे 8 पिक्सेलच्या चौकटीत त्याच्या उभे राहण्याच्या जागा चारच, आणि त्याच्या चालण्याची चित्रेही चारच आहेत. या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या असल्यामुळे पाय जुळलेले आहेत की फाकलेले, एवढे पाहूनच तो चौकटीत कोठे उभा आहे हे ओळखता येते. अवघड उडी साधली की ती कोणत्या चौकटीतून आणि पायांच्या कोणत्या स्थितीत घेतली, हे लगेच वहीत टिपून ठेवावे. या गेमच्या अभ्यासात यापेक्षा उपयुक्त सवय मला दुसरी सापडलेली नाही.

धोके दोन प्रकारचे आहेत आणि त्यांचे नियम वेगळे आहेत. फिरत्या पहारेकऱ्याचा पिक्सेल विलीच्या पिक्सेलला प्रत्यक्ष भिडला तरच जीव जातो, त्यामुळे त्यांच्या अगदी जवळून निसटता येते. काटे आणि विषारी झाडे यांच्या बाबतीत मात्र पूर्ण चौकटच घातक असते. चित्राच्या कडेची रिकामी दिसणारी जागासुद्धा मारते. तेथे डोळ्यांवर विश्वास न ठेवता चौकटी मोजाव्यात. याउलट किल्लीच्या चौकटीत विलीचा नुसता प्रवेश झाला तरी किल्ली मिळते, म्हणून तिच्या अगदी मध्यावर जाण्याचा हट्ट धरू नये.

ढासळणाऱ्या जमिनीवर विली उभा असताना गेमच्या प्रत्येक ठोक्याला तिची पिक्सेलची एक ओळ नाहीशी होते, आणि अशा आठच ओळी असतात. 'सेंट्रल कॅव्हर्न' या पहिल्याच गुहेत वरच्या भागात अशी जमीन आहे. तेथे थांबून विचार करण्याची सोय नाही, म्हणून पुढची उडी खालच्या पक्क्या जमिनीवर असतानाच ठरवून वर चढावे. त्याच गुहेतील सरकता पट्टा डावीकडे ओढतो आणि त्याच्या एका भागावर पहारेकरी येरझाऱ्या घालतो. त्याची पाठ फिरली की त्याच्या मागोमाग निघावे.

पाचव्या 'युजीन्स लेअर' या गुहेत बहुतेकांचे जीव वाया जातात. शेवटची किल्ली उचलताच वरखाली करणारा युजीन नावाचा पहारेकरी थेट खाली येतो आणि दाराच्या तोंडाशी ठाण मांडून बसतो. यासाठी दारापासून जवळ पडणारी किल्ली शेवटी ठेवावी आणि युजीन सर्वांत वर असताना ती उचलावी, म्हणजे त्याला खाली यायला जास्तीत जास्त वेळ लागतो. एकोणिसाव्या 'सोलर पॉवर जनरेटर'मध्ये प्रकाशाचा झोत पहारेकऱ्यांवर आदळून वळतो आणि त्यात विली सापडला की हवा झपाट्याने घटते. तेथे वाट आखताना झोत केव्हा कोठे वळतो हेही पाठ करावे लागते.

सरावासाठी प्रत्येक वेळी पहिल्या गुहेपासून सुरुवात करणे म्हणजे वेळेचा अपव्यय आहे. बग-बाइटच्या आवृत्तीत गेम चालू असताना 6031769 हा आकडा टाइप केला की हव्या त्या गुहेत जाता येते. 1 ते 5 या कळांची किंमत अनुक्रमे 1, 2, 4, 8 आणि 16 धरावी, गुहेच्या क्रमांकातून एक वजा करून तेवढी बेरीज होईल अशा कळा दाबून धराव्यात आणि 6 दाबावा. युजीनसाठी, उदाहरणार्थ, 3 धरून 6 दाबावा लागतो. सॉफ्टवेअर प्रोजेक्ट्सने पुढे काढलेल्या आवृत्तीत त्या आकड्याऐवजी 'टाइपरायटर' हा शब्द इंग्रजीत टाइप करावा लागतो. इम्युलेटरवर, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, खेळत असल्यास स्नॅपशॉट घेऊन, म्हणजे गेमची त्या क्षणाची स्थिती साठवून, एकाच उडीचा सरावही करता येतो, मात्र वेग मूळच्या शंभर टक्क्यांवरच ठेवावा, कारण संथ वेगात बसलेला हात खऱ्या वेगात चुकतो.

हव्या त्या गुहेत नेणारा हा संकेत चालू असताना विसावी गुहा, 'द फायनल बॅरियर', पार केली तरी शेवटचे दृश्य दिसत नाही. ते पाहायचे असेल तर सराव पुरा झाल्यावर गेम नव्याने लोड करून पहिल्या गुहेपासून सरळ खेळावा. प्रत्येक 10,000 गुणांना एक जादा जीव मिळतो आणि गुहा संपताना उरलेल्या हवेचेही गुण मिळतात. म्हणून पाठ झालेल्या सुरुवातीच्या गुहा शक्य तितक्या लवकर उरकाव्यात.