माझ्या मशीनवर तर चालतंय! डॉटनेट रेफरन्सच्या या चुका टाळा

बिल्ड पास होतो, पण सर्व्हरवर टाकलं की 'कुड नॉट लोड फाइल ऑर असेम्ब्ली'. अशा वेळी कोड उकरत बसण्याआधी प्रोजेक्टचे रेफरन्स, म्हणजे जोडलेल्या बाहेरच्या लायब्ररींच्या नोंदी, बघा.

पहिली खोड म्हणजे ब्राउझ करून डेस्कटॉपवरची किंवा शेजारच्या प्रोजेक्टच्या बिन फोल्डरमधली डीएलएल (तयार लायब्ररीची फाइल, म्हणजेच असेम्ब्ली) जोडणं. सीएसप्रोज या प्रोजेक्ट फाइलमध्ये 'हिंटपाथ', म्हणजे त्या डीएलएलचा पत्ता, येतो खरा, पण तो फक्त इशारा असतो. तिथे फाइल नसेल तर एमएसबिल्ड (डॉटनेटचं बिल्ड करणारं साधन) इतर ठिकाणी, अगदी आउटपुट फोल्डरमध्येही शोधतो आणि तिथली जुनी कॉपी गुपचूप लावतो. म्हणून तुमच्याकडे चालतं, रिपॉझिटरीच्या नव्या क्लोनवर नाही. नुगेटवर, म्हणजे डॉटनेटच्या पॅकेज व्यवस्थेत, पॅकेज असेल तर पॅकेजरेफरन्सच (पॅकेजचं नाव आणि आवृत्तीची नोंद) वापरा.

आता एररची खालची ओळ वाचा. ती कुणी वाचतच नाही! 'कॅनॉट फाइंड द फाइल' असेल तर डीएलएल पोचलेलीच नाही: कॉपी लोकल (डीएलएल आउटपुट फोल्डरमध्ये कॉपी करण्याची सेटिंग) तपासा. 'मॅनिफेस्ट डेफिनिशन डज नॉट मॅच' असेल तर फाइल सापडली, पण आवृत्ती वेगळी निघाली.

हा दुसरा प्रकार जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये फार छळतो. एका लायब्ररीला न्यूटनसॉफ्ट जेसन या जेसन डेटा हाताळणाऱ्या पॅकेजची आवृत्ती ९ हवी असते, दुसरीला १३. उपाय बाइंडिंग रीडायरेक्टचा, म्हणजे जुनी आवृत्ती मागितली तरी नवीच द्या असं कॉन्फिग फाइलमध्ये लिहिण्याचा. पण लोक त्यात पॅकेजचा आकडा, म्हणजे १३.०.३.०, लिहून मोकळे होतात. पॅकेज १३.०.३ असलं तरी आतल्या असेम्ब्लीची आवृत्ती १३.०.०.० आहे आणि रीडायरेक्टमध्ये तीच लागते. वेब प्रोजेक्ट असेल तर वेब कॉन्फिगमध्ये हे आपोआप होईल, या भरवशावर राहू नका.

आवृत्तीच्या जागी तारांकन टाकणं हा शुद्ध आळस. आज एक पॅकेज, उद्या दुसरं. नेमका आकडा लिहा, नुगेटची लॉक फाइल (नेमक्या आवृत्त्यांची यादी) चालू करून गिटमध्ये टाका आणि सीआयवर, म्हणजे आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवर, रिस्टोर (पॅकेज आणण्याची पायरी) 'लॉक्ड मोड'मध्ये चालवा. एनयू१६०५ ही डाउनग्रेडची सूचना दाबून टाकू नका, ती बहुधा खरंच बोलत असते.

सुरक्षेच्या तपासणीत 'डॉटनेट लिस्ट पॅकेज'ला 'व्हल्नरेबल'सोबत 'इन्क्लुड ट्रान्झिटिव्ह' (इतर पॅकेजमुळे आत आलेली पॅकेजही धरा) हा पर्यायही द्या. न्यूटनसॉफ्टच्या १३.०.१ पूर्वीच्या आवृत्त्यांमध्ये सेवा ठप्प करता येईल अशी त्रुटी आहे, आणि ती जुनी आवृत्ती अनेकदा दुसऱ्याच पॅकेजच्या मागून आत शिरते. ते पॅकेज अपडेट होईपर्यंत नवी आवृत्ती थेट आपल्या प्रोजेक्टमध्ये नोंदवा. नुगेट थेट नोंदीलाच मान देतो.