स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींसाठी सौरघर बांधताय? या चुका टाळा

नोव्हेंबर २०१८ मध्ये दुबईत भरलेल्या सोलर डेकॅथलॉन मिडल ईस्ट या, विद्यार्थ्यांचे चमू सौरघरे बांधतात अशा, स्पर्धेत ऑस्ट्रेलियातील वोलोंगाँग विद्यापीठाच्या चमूने ‘डेझर्ट रोझ’ हे घर उभारले आणि दुसरा क्रमांक मिळवला. सूर्याच्या ऊर्जेवर चालणाऱ्या या घराची आखणी वाढत्या वयातील दुर्बलता, आणि त्यातही स्मृतिभ्रंश, डोळ्यांपुढे ठेवून केलेली होती. आयआयटी मुंबईची ‘टीम शून्य’ २०१४ साली फ्रान्समधील व्हर्सायच्या सोलर डेकॅथलॉनमध्ये उतरली होती, त्यामुळे अशा स्पर्धा आपल्याकडील विद्यार्थ्यांनाही अनोळखी नाहीत. अशा घरावर काम करणाऱ्या चमूंनी पुढील चुकांकडे आधीपासूनच लक्ष द्यावे.

सर्वांत महाग पडणारी चूक आराखड्यात नसते. ती कामाच्या वाटपात असते. एक गट ऊर्जेचा हिशेब पाहतो, दुसरा गट रहिवाशाच्या गरजा पाहतो आणि दोघांची गाठ थेट बांधकामाच्या वेळी पडते. तोवर वीज वाचवण्यासाठी घेतलेले कितीतरी निर्णय रहिवाशाच्या विरोधात गेलेले असतात.

याचे ठळक उदाहरण म्हणजे हालचाल ओळखून लागणारे आणि विझणारे दिवे. शौचालयात शांत बसलेल्या माणसाची हालचाल टिपली जात नाही, दिवा विझतो, आणि आपण कोठे आहोत हेच ज्याला क्षणभर उमगत नाही, त्याला त्या अंधारात उठावे लागते. पडण्याचा धोका इथेच वाढतो. पलंगापासून शौचालयापर्यंतचा मंद प्रकाश रात्रभर चालूच ठेवावा. तीन वॅटचे पाच एलईडी दिवे दहा तास जळले, तरी ०.१५ युनिटच खर्च होते. एवढ्या बचतीसाठी कोणाला अंधारात ठेवण्याचे समर्थन मला मान्य नाही.

दुसरी चूक जमिनीची. दिवसा ऊन शोषून घेण्यासाठी खिडकीलगत गडद फरशी आणि पुढे फिकट लाकूड, ही रचना ऊर्जेच्या दृष्टीने योग्य असली, तरी स्मृतिभ्रंशात खोलपणा आणि अंतर यांचा अंदाज बिघडत असल्याने तो गडद पट्टा खड्डा किंवा पायरी भासू शकतो, आणि माणूस तिथेच थबकतो किंवा तो ओलांडण्यासाठी पाय उंच उचलतो. चकचकीत फरशी ओली वाटते. पडवीवरील पट्ट्यांच्या सावल्याही जमिनीवर पायऱ्यांसारख्या उमटतात आणि दिवसभर सरकत राहतात, म्हणून केवळ दुपारी बारा वाजता पाहणी करून चालत नाही. जमीन शक्यतो एकाच छटेची असावी. याउलट कमोडची बैठक, आधाराचे दांडे आणि दिव्यांची बटणे मागच्या पृष्ठभागापासून ठळकपणे उठून दिसली पाहिजेत. पृष्ठभाग किती प्रकाश परत फेकतो हे ० ते १०० अंकांत सांगणाऱ्या प्रकाश परावर्तनाच्या मोजपट्टीवर त्यांच्यात सुमारे ३० अंकांचे अंतर ठेवावे. मोजण्याचे साधन हाताशी नसेल, तर फोनवर कृष्णधवल छायाचित्र काढावे: पांढऱ्या भिंतीत पांढरा दांडा विरघळून गेला, तर तो रहिवाशालाही दिसणार नाही.

नियंत्रणे हा वादाचा विषय ठरतो, कारण घर स्वयंचलित आहे हे परीक्षकांना दाखवण्याचा मोह विद्यार्थ्यांना आवरत नाही. स्मृतिभ्रंशात नवे शिकणे फार कठीण जाते, पण हाताला जडलेल्या जुन्या सवयी तुलनेने अधिक काळ टिकतात. त्यामुळे स्पर्शपडदा काळजीवाहकासाठी ठेवावा, आणि रहिवाशाला साधे खटक्याचे बटण व फिरवण्याचा नळ द्यावा. मात्र ओळखीचे काय, हे त्या माणसाच्या आयुष्यावर ठरते. वोलोंगाँगच्या आजोबांना जी किटली लगेच ओळखू येईल, ती सोलापूरच्या आजींना येणार नाही. त्यांना बादली, तांब्या आणि देवघर लागेल. दुसऱ्या देशातील आराखडा जसाच्या तसा उचलू नये, तो याचसाठी.

रहिवासी घरात नीट वावरत नसेल, तर आधी पलंगावर पडून पाहावे. वोलोंगाँगच्याच रिचर्ड फ्लेमिंग आणि कर्स्टी बेनेट यांनी मांडलेल्या आराखड्याच्या तत्त्वांत, माणसाला हवे ते दिसले पाहिजे, यावर मोठा भर आहे. पलंगावरून कमोड दिसत नसेल, तर दारावर पाट्या वाढवण्याआधी दार किंवा पलंग हलवता येतो का, ते तपासावे. हे प्लायवूड आणि पुठ्ठ्याच्या पूर्णाकृती नमुन्यात करणे स्वस्त पडते. त्या नमुन्यात स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तींना त्यांच्या संमतीने आणि घरच्यांसोबत बोलवावे. त्यांची परीक्षा घेऊ नये, त्यांना चहा करू द्यावा आणि हात कुठे अडतो ते पाहावे. हे काम शेवटच्या महिन्यावर ढकलणारे चमू मग पाट्याच चिकटवत बसतात.

घर तुकड्यांत स्पर्धेच्या ठिकाणी न्यावे लागते, म्हणून वाहतुकीबद्दल थोडक्यात: चाकाच्या खुर्चीला वळण्यासाठी १.५ मीटर व्यासाची मोकळी जागा लागते, तर साध्या जहाजी कंटेनरची आतली रुंदी सुमारे २.३५ मीटर असते. भिंतींची जाडी धरून न्हाणीघर एका तुकड्यात जाईल का, हे पहिल्याच महिन्यात मोजावे.

शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातात आणि कोणती वाहिनी कोठून वळवली, हे त्यांच्याबरोबर जाते. प्रत्यक्ष बांधल्याप्रमाणे नकाशे दर आठवड्याला दुरुस्त करावेत, आणि झडपांची नावे कपाटाच्या आतल्या बाजूला लिहावीत, म्हणजे ती दुरुस्ती करणाऱ्याला सापडतील आणि रहिवाशाला गोंधळात टाकणार नाहीत.