घरी मराठी बोलतो म्हणजे मराठी येतं असं नाही: पोरांसाठी काय करता येईल

आमचा चिरंजीव चौथीत, इंग्लिश मीडियम. घरात सगळे मराठीच बोलतो म्हणून मी निवांत होते. एकदा त्याला एकट्याला भाजी घ्यायला पाठवलं, मी आपली रस्त्याच्या पलीकडे उभी. मावशी म्हणाल्या पावणेदोनशे झाले, ह्याने दोनशेची नोट दिली आणि निघाला की सरळ. मावशींनी मागून हाक मारून पंचवीस रुपये हातात ठेवले. आणि येऊन मला विचारतो, आई, पावणे म्हणजे गेस्ट ना?

हसू आलं, पण मग कळलं की घरात "जेवलास का, आवर लवकर" एवढं बोलणं वेगळं आणि मराठीत व्यवहार करता येणं वेगळं. तेव्हापासून जे जे करून बघितलं ते सांगते.

सुरुवात आकड्यांपासून करा, कविता पाठ करण्यापासून नको. पोरं अडकतात ती इथेच. आपल्याकडे एकक आधी येतो, पंचवीस म्हणजे पाच आणि वीस, इंग्रजीत उलट, आणि वर एकोणतीस हा तिसात एक उणा, हे एकदा नीट सांगितलं ना की पोरांना मजा वाटते, कोडं सुटल्यासारखं. २०१९ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीससोबत 'वीस एक' असं वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय? मला विचाराल तर शिकताना आधार म्हणून ठीक आहे, पण मंडईत कोणी 'सत्तर तीन' म्हणत नाही, त्र्याहत्तरच म्हणतात, त्यामुळे ते यायलाच हवं. मग सव्वा म्हणजे पाव जास्त, पावणे म्हणजे पाव कमी, साडे म्हणजे अर्धा जास्त, पण साडेएक आणि साडेदोन नाही हं, दीड आणि अडीच. हे वहीत लिहून घेऊ नका, पैसे हातात देऊन दुकानात पाठवा. सव्वाशे, पाऊणशे, अडीच हजार. घड्याळ पण मराठीतच विचारायचं. आमच्याकडे महिन्याभरात बसलं डोक्यात.

वाचनाचं म्हणाल तर रोज दहा मिनिटं, जास्त नको. एसटीच्या पाट्या, दुकानांचे बोर्ड, काहीही चालतं. बालभारतीचं किशोर मासिक १९७१ पासून निघतंय, जुने अंक ऑनलाइन फुकट वाचायला मिळतात, आम्ही तेच उघडून बसतो. लिहायला किराण्याची यादी द्या. पहिल्या यादीत 'तुर दाल' आणि 'साकर' होतं, मी काही बोलले नाही, दुकानदाराला कळलं म्हणजे झालं. हळूहळू सुधारतं.

शाळेचं काय? २०२०च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांमध्ये मराठी सक्तीचं केलंय, पण नुसतं समानार्थी शब्द पाठ करून मार्क आणले तर हातात काय उरतं. म्हणून आमच्याकडे एक नियम, शाळेत जे शिकलास ते संध्याकाळी आजीला सांगायचं. त्यादिवशी इव्हॅपोरेशन होतं. इंग्रजीत व्याख्या घडाघडा म्हणाला, आजी म्हणे मला नाही कळलं. मग अडखळत सांगितलं की ओल्या कपड्यातलं पाणी न उकळता वाफ होऊन हवेत जातं म्हणून कपडे वाळतात. आजीने लगेच विचारलं, मग पावसाळ्यात का रे वाळत नाहीत माझी लुगडी? गप्पच झाला. दुसऱ्या दिवशी शोधून आला की हवा आधीच दमट असते, तिच्यात आणखी पाणी मावत नाही. आता हे त्याला जन्मात विसरायला होणार नाही बघा. बाष्पीभवन हा शब्द नंतर सांगितला, आधी नाही.

एक मात्र करू नका, चुकीला हसू नका. "माझा पुस्तक" म्हणाला की आपण फक्त "हो, तुझं पुस्तक तिथे आहे" म्हणायचं आणि पुढे जायचं. पाहुण्यांसमोर त्याची नक्कल केलीत की पोरगं सरळ इंग्रजीवर जातं, आमच्याकडे एका लग्नात झालंय हे. आणि आजी पानी-लोनी म्हणत असेल तर तिलाही टोकू नका, तीही मराठीच आहे की.

शेवटचं, सोसायटीत पोरांना कामं द्या. गणपतीत अनाउन्समेंट, फळ्यावरची सूचना, प्रसादाची यादी, सगळं मराठीत आणि पोरांच्याच हातून. गुजराती, तमिळ पोरांनाही घ्या बरोबर, ती उलट जास्त उत्साहाने शिकतात. आमच्या चिरंजीवाने फळ्यावर झोकात लिहिलं, 'आरती पावणेआठ वाजता'. निम्मी पोरं सव्वाआठला उगवली, आरती संपलेली. आता तोच खाली बसून त्यांना पावणे म्हणजे काय ते समजावतोय.