एसीच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर पाणी कसे तापवावे

पुण्यातील अनेक हॉटेलांच्या आणि रुग्णालयांच्या गच्चीवर एसीची यंत्रे दिवसभर गरम हवा बाहेर टाकत असतात आणि त्याच इमारतीत आंघोळीचे पाणी विजेच्या गिझरवर तापत असते. ही नासाडी थांबवता येते. कॉम्प्रेसरमधून (वायू दाबणाऱ्या भागातून) निघणारा वायू, म्हणजे रेफ्रिजरंट, बहुधा ६० ते ८० अंश सेल्सिअस तापलेला असतो. तो कंडेन्सरमध्ये, म्हणजे उष्णता बाहेर टाकून वायूचा द्रव करणाऱ्या भागात, जाण्याआधी त्याची उष्णता पाण्याला देणारे उपकरण म्हणजे डीसुपरहीटर.

खरेदीपूर्वी हिशेब मांडावा. १० टनांचे यंत्र खोल्यांमधून सुमारे ३५ किलोवॉट उष्णता उचलते आणि कॉम्प्रेसरने घेतलेली वीज धरून साधारण ४५ किलोवॉट बाहेर टाकते. त्यातील १० ते १५ टक्के, म्हणजे पाचेक किलोवॉट, डीसुपरहीटरच्या हाती लागते. यंत्र ८ तास पूर्ण भाराने चालले तर ४० युनिट झाले, आणि २५ अंशांचे हजार लिटर पाणी ५५ अंशांवर नेण्यास सुमारे ३५ युनिट लागतात. रोजची गरज याच्या जवळपास असेल तर हा खर्च योग्य ठरतो. घरातील दीड टनी स्प्लिट एसीसाठी मात्र या फंदात पडू नये.

सगळीच उष्णता पाण्यात उतरवण्याचा आग्रह धरू नये. अधिक गरम पाण्यासाठी कंडेन्सरचे तापमान वाढवावे लागले, तर कॉम्प्रेसर जास्त वीज खेचतो आणि कमावलेले तिथेच जाते.

जोडणी अनुभवी तंत्रज्ञाकडूनच, उत्पादकाची वॉरंटी तपासून करून घ्यावी. उपकरण दुहेरी भिंतीचे असावे, कारण गळती झालीच तर रेफ्रिजरंट आणि तेल वापराच्या पाण्यात मिसळता कामा नये. वायूच्या नळीचा व्यास कमी करू नये. ब्रेझिंगनंतर (नळ्यांचे सांधे धातू वितळवून जोडल्यावर) नायट्रोजनने दाब-चाचणी घ्यावी आणि व्हॅक्यूम करूनच, म्हणजे आतली हवा ओढून काढूनच, गॅस भरावा. पाण्याचा पंप कॉम्प्रेसरशी असा जोडावा की कॉम्प्रेसर थांबताच तोही थांबेल, अन्यथा टाकीतील गरम पाणी फिरत राहून उलट थंड होते. टाकीला जाड इन्सुलेशन हवेच.

बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्या इमारतींनी सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारे उपकरण) बसवावा. क्षाराचा पातळ थरही उष्णता अडवतो, म्हणून आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचे तापमान दर महिन्याला नोंदवावे. यंत्राचा भार तोच असताना त्यांतील फरक घटत गेला, तर डीस्केलिंगची, म्हणजे क्षार काढण्याची, वेळ झाली असे समजावे.

डिसेंबर-जानेवारीत पुण्यात एसी फारसा चालत नाही आणि गरम पाणी मात्र सर्वाधिक लागते. त्यामुळे गिझर काढून टाकू नये. तो याच टाकीच्या पुढे मालिकेत जोडावा, म्हणजे उरलेल्या अंशांपुरतीच वीज जाईल.