कंडक्टरकडे दिलेलं पाकीट: मी प्रॉक्सी सर्व्हर कशी शिकले

वाळपईहून पणजीला कागद पोचवायचे असले की बाबा ते पाकिटात घालून सकाळच्या बसच्या कंडक्टरकडे देत. पणजीच्या स्टँडवर मामा घ्यायला उभा असे. पाकीट चिकटवलेलं असलं तर कंडक्टरला एवढंच कळायचं, की आमच्याकडून मामाकडे काहीतरी चाललंय. चिकटवायचं राहिलं तर तो वाचूही शकला असता. वाचत नसे, हा त्याचा चांगुलपणा.

इंजिनिअरिंगला प्रॉक्सी, म्हणजे आपली मागणी आपल्या वतीने साइटपर्यंत नेणारा आणि उत्तर परत आणणारा मधला सर्व्हर, शिकले तेव्हा फळ्यावर तीन चौकोन नि दोन बाण होते. पाच मार्कांपुरतं पाठ केलं आणि विसरले. कंडक्टर आठवला तो नोकरीत.

पणजीतली आमची कंपनी लहान आहे. किनाऱ्यावरच्या हॉटेलांचं नेटवर्क सांभाळायचं, हा मुख्य धंदा. पहिल्याच आठवड्यात सरांनी मला स्क्विडच्या लॉगसमोर, म्हणजे त्याच्या नोंदवहीसमोर, बसवलं. स्क्विड म्हणजे फुकट मिळणारा, जुना आणि भरवशाचा प्रॉक्सी. मुळात ३१२८ या पोर्टवर, म्हणजे मशीनच्या त्या नंबरच्या दारावर, ऐकतो. लॉगमध्ये बँकेच्या साइटचं नाव होतं, पुढे ४४३, किती बाइट गेले, किती वेळ लागला. पुढे काहीच नाही. मी विचारलं, ‘सर, पान कुठलं उघडलं ते का दिसत नाही?’ सर म्हणाले, ‘कनेक्ट म्हणजे काय ते बघ, मग मला सांग.’

ते असं असतं. एचटीटीपीएस, म्हणजे ब्राउझरशी कुलूपबंद बोलणारी, साइट उघडायची असली की ब्राउझर प्रॉक्सीला ‘कनेक्ट’ ही आज्ञा देतो: अमुक साइटच्या ४४३ पोर्टला मला जोडून दे. प्रॉक्सी तिकडे जोडणी करतो, २०० (म्हणजे ‘झालं’) असं उत्तर देतो, आणि मग इकडचे बाइट तिकडे, तिकडचे इकडे ढकलत राहतो. कुलूपकिल्लीचा व्यवहार थेट ब्राउझर आणि साइट यांच्यात होतो. म्हणजे पाकीट चिकटवलेलं आहे, कंडक्टरला फक्त पत्ता दिसतो.

मी खूश झाले. सगळं सुरक्षित! मग सरांनी वायरशार्क, नेटवर्कवरून काय जातंय ते दाखवणारं साधन, उघडून दिलं, आणि माझ्याच लॅपटॉपमधून निघालेली कनेक्टची ओळ स्वच्छ अक्षरांत समोर आली. साइटचं नाव, आणि खाली प्रॉक्सीचं माझं यूजरनेम नि पासवर्ड बेस६४ नावाच्या साध्या अक्षरबदलात. बेस६४ म्हणजे एन्क्रिप्शन, किल्लीशिवाय न उघडणारं कुलूप, नव्हे, हे तेव्हा डोक्यात पक्कं बसलं. कोकणी देवनागरीऐवजी रोमीत लिहिली म्हणून ती गुप्त होत नाही. लिपी येणारा कोणीही वाचतो. तसंच हे.

म्हणजे ब्राउझरपासून प्रॉक्सीपर्यंतचा टप्पा उघडा होता. हॉटेलच्या लॉबीत त्याच वायफायवर कान लावून बसलेल्याला पाहुणा कुठल्या साइटवर जातोय ते कळतं, वर प्रॉक्सीचा पासवर्डही फुकट मिळतो. एन्क्रिप्टेड प्रॉक्सी हा टप्पा बंद करतो. ब्राउझर आधी प्रॉक्सीशीच टीएलएसची (एचटीटीपीएसमागचं कुलूप ते हेच) जोडणी करतो आणि कनेक्टची ओळ तिच्या आतून पाठवतो. पाकिटात पाकीट. लॉबीतल्याला दिसतं एवढंच, की हा माणूस अमुक सर्व्हरशी बोलतोय. बाहेरचं पाकीट प्रॉक्सी फोडतो आणि आतल्यावरचा पत्ता वाचतो. आतलं पाकीट साइटच फोडते. साइटला पत्ता दिसतो तो प्रॉक्सीचा, तुमचा नाही. पण साइट जुनी, नुसत्या, बिनकुलपाच्या एचटीटीपीवर चालणारी असेल, तर प्रॉक्सीच्या पुढचा सगळा रस्ता उघडा. हे शेवटचं वाक्य नवे लोक हमखास विसरतात.

एका रकान्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली, ती तुमची जाऊ नये. फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये ‘एचटीटीपीएस प्रॉक्सी’ असं लिहिलेलं असतं. मला वाटलं, इथे पत्ता भरला की झालं एन्क्रिप्शन. त्याचा अर्थ ‘एचटीटीपीएस साइटींसाठी वापरायचा प्रॉक्सी’ एवढाच आहे. प्रॉक्सीपर्यंतचा रस्ता बंद करायचा तर पॅक फाइल (कुठल्या साइटला कुठला प्रॉक्सी ते ब्राउझरला सांगणारी छोटी फाइल) लिहून तिच्यात प्रॉक्सीचा प्रकार म्हणून एचटीटीपीएस लिहावं लागतं. नाव ठेवणाऱ्याला काय म्हणावं!

सॉक्स५ या प्रॉक्सीच्या दुसऱ्या प्रकाराबाबतही असाच गैरसमज आहे. १९९६पासूनचं हे मानक कुठलीही टीसीपी जोडणी पुढे नेतं, यूडीपीही नेतं (इंटरनेटवर डेटा नेण्याच्या या दोन पद्धती), पण स्वतः काहीच एन्क्रिप्ट करत नाही. दूरच्या सर्व्हरवर कुलूपबंद लॉगिन करायचं साधन म्हणजे एसएसएच; त्याच्या ‘डॅश डी’ पर्यायाने मात्र सर्व्हरपर्यंत कुलूपबंद बोगदा मिळतो आणि आपल्या मशीनवर सॉक्सचं दार उघडतं. शिकायला याहून स्वस्त काही नाही, सुरुवात इथूनच करा. फक्त डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी व्यवस्था, बघा. साइटच्या नावाची चौकशी बोगद्याबाहेरून गेली तर वायफायवाल्याला सगळं कळतंच. कर्ल या साइटी मागवायच्या कमांडमध्ये ‘सॉक्स५’ लिहिलं तर नाव आपलं मशीन शोधतं, ‘सॉक्स५एच’ लिहिलं तर पलीकडचा प्रॉक्सी. एका अक्षराचा फरक.

आता माझी फजिती. त्या वर्षी चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, घरी जायच्या आधी मी स्वतःच्या पैशांनी परदेशातला एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला, स्क्विड चढवला, आणि कुठूनही जोडता यावं म्हणून सगळ्यांना परवानगी देणारी ओळ टाकली. पासवर्ड नाही. ‘कोणाला पत्ता माहीत आहे?’ असा विचार. इंटरनेटवर उघडी पोर्टं शोधत फिरणारे प्रोग्रॅम चोवीस तास चालू असतात, हे पुस्तकात वाचलेलं होतं, पटलेलं नव्हतं. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधून संपेपर्यंत सर्व्हर देणाऱ्याची मेल आली: तुमच्या पत्त्यावरून स्पॅम जातंय, सर्व्हर बंद केला आहे. लॉग एवढा फुगला होता की उघडता उघडेना. जगभरच्या अनोळखी लोकांची पाकिटं माझ्या नावाने फिरत होती. तेव्हापासून प्रॉक्सी आधी फक्त १२७.०.०.१वर, म्हणजे त्याच मशीनपुरता, ऐकायला लावते, बाहेरचं दार नंतर, तेही पासवर्ड आणि टीएलएस लावून.

हे वापरतात कुठे? घरून काम करणाऱ्यांना ऑफिसच्या आतल्या साइटीपर्यंत आणायला. दुसऱ्या देशातून हॉटेलच्या खोलीचा दर काय दिसतो ते तपासायला. हे आमचं नेहमीचं काम. आणि जिथे सरकार साइटी अडवतं तिथे अडथळा ओलांडायला. शॅडोसॉक्स हे एन्क्रिप्टेड प्रॉक्सीचं साधन २०१२मध्ये चीनमधल्या एका प्रोग्रॅमरने त्यासाठीच लिहिलं. त्याची पुढची गोष्ट मला फार आवडते. सगळं एन्क्रिप्ट केलं की बाइट पूर्ण बेताल दिसतात, आणि हा बेतालपणाच ओळखीची खूण ठरतो. शंका आली की अडवणारी यंत्रणा स्वतःच त्या सर्व्हरला जोडून बघते, काय उत्तर येतं ते. म्हणून ट्रोजनसारखी पुढची साधनं ४४३वर साइटची ओळख पटवणारं खरं प्रमाणपत्र लावून बसतात, आणि पासवर्ड नसलेला आला तर त्याला साधी वेबसाइट दाखवतात. लपायचं तर बाजाराच्या दिवशी म्हापशाच्या गर्दीत, ओसाड माळावर काळं कांबळं पांघरून नव्हे.

उलटा प्रकारही असतो. काही कंपन्या कर्मचाऱ्यांच्या मशीनवर स्वतःचं प्रमाणपत्र बसवतात, आणि मग त्यांचा प्रॉक्सी आतलं पाकीटही फोडून वाचतो. असं काम अंगावर आलं तर कर्मचाऱ्यांना ते सांगितलंय का, हे आधी विचारा. मी विचारते, आणि त्यामुळे फार लोकप्रिय नाही.

व्हीपीएन हाही मधल्या सर्व्हरपर्यंतचा कुलूपबंद बोगदाच. फरक थोडक्यात: तो मशीनची सगळी वाहतूक उचलतो, प्रॉक्सी तुम्ही सांगितलेल्या ॲपची. कायद्याचंही भान ठेवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या आदेशानुसार व्हीपीएन देणाऱ्यांना ग्राहकांची माहिती ५ वर्षं, आणि कंपन्यांना आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. त्यावरून काही परदेशी व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच काढून घेतले. फुकटची प्रॉक्सी ॲपं मात्र मोबाइलवर टाकूच नका. ती चालवणारा खर्च कुठून काढतो, याचं बरं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

आता मुलाखती मी घेते. कागद पुढे करून एकच सांगते: कळंगुटच्या हॉटेलात बसलेला पाहुणा एन्क्रिप्टेड प्रॉक्सीतून बँकेची साइट उघडतोय, प्रत्येक टप्प्यावर कोणाला काय दिसतं ते लिही. बहुतेक जण कुलपाची चित्रं काढतात. परवा साखळी गावाहून एक मुलगा आला होता. त्याने टप्पे बरोबर लिहिले, मग पेन ठेवून विचारलं, ‘मॅडम, हा प्रॉक्सी आहे कोणाचा?’ सोमवारपासून तो येतोय. स्क्विडचा जुना लॉग काढून ठेवलाय.